रील डिलीट करा, जिम नाही

पत्र असं आलंय. (नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, थोडं कापलंयही.)

"ताई, मी पुण्यात जॉब करते, घर सांगलीकडे. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, त्याला डाउन सिंड्रोम आहे. बेकरीत पॅकिंगला जातो, महिन्याला ६ हजार मिळतात, स्वतःचं खातं आहे, फोन आहे. आठ महिन्यांपासून घराजवळच्या जिमला जातो आणि जिम म्हणजे त्याचा जीव की प्राण. मागच्या रविवारी आतेबहिणीने इन्स्टाच्या रील पाठवल्या. ट्रेनर त्याला नाचायला लावतो, डोक्यात टपली मारतो, खांद्यावर वजनाचा बार ठेवून स्क्वॉट (उठाबशा) मारायला लावतो आणि मागे पोरं खिदळतायत, वर लिहिलंय 'आमच्या जिमचा शेर'. मग मी त्याचा फोन बघितला तर तीन महिन्यांत ट्रेनरला ११,४०० रुपये गेलेत, प्रोटीनचे म्हणे, घरी डबा एकच आलाय. मध्येमध्ये मान दुखते म्हणतो तर सर म्हणाले नो पेन नो गेन. आई म्हणते जिम बंद, फोन काढून घ्या आणि ते मोहॉकचे केस आधी कापा. चुलतभाऊ म्हणतो चार पोरं घेऊन जातो आणि बघतोच. पिल्लूला यातलं काही कळतच नाहीये, तो म्हणतो सर माझे बेस्ट फ्रेंड. काय करू?"

अगं, पहिल्यांदा मान. रील, पैसे, चुलतभाऊ हे सगळं आठवडाभर थांबू शकतं, मान थांबू शकत नाही.

डाउन सिंड्रोममध्ये सांधे बांधून ठेवणारे लिगामेंट सैल असतात, ही मुलं मांडी घालून बसली की पाय कसे रबरासारखे वळतात ते तू लहानपणापासून बघितलं असशीलच, तर तोच सैलपणा मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांमध्येही असू शकतो आणि मग पहिला मणका दुसऱ्यावर पाहिजे त्यापेक्षा जास्त सरकतो. एक्सरे काढले तर दहातल्या एखाद्याला तरी हे सापडतं आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच काही त्रास होत नाही, हे लगेच सांगून टाकते नाहीतर तू रात्रभर गूगल करत बसशील. पण ज्यांना त्रास सुरू होतो त्यांच्यात मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, आणि तिथे चान्स घ्यायचा नसतो. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या क्रीडास्पर्धांत, अशी लक्षणं असलेल्या खेळाडूला डॉक्टरांच्या तपासणीशिवाय काही प्रकारांत उतरूच देत नाहीत, पोहण्यातला बटरफ्लाय, सूर मारून पाण्यात उडी, हाय जंप वगैरे, आणि त्याच यादीत वजन घेऊन मारायचा स्क्वॉटही आहे. म्हणजे त्या ट्रेनरने रीलसाठी नेमकं तेच निवडलं. त्याला माहीत नव्हतं हे मी मान्य करते, पण त्याने विचारलंही नाही ना कुणाला. आपल्याकडे ट्रेनर व्हायला डॉक्टरसारखं रजिस्ट्रेशन लागत नाही, एखादा कोर्स केला, दंड झाले, टीशर्ट मिळाला, झाला सर.

तर याच आठवड्यात ऑर्थोपेडिककडे किंवा न्यूरोवाल्याकडे. जाताना नीट सांग की डाउन आहे, मान दुखते आणि बार खांद्यावर घेतला होता. तोपर्यंत बार बंद, कोलांटी बंद, पोहायला जात असेल तर सूर मारणं बंद. चालणं हल्ली बदललंय का, अडखळतो का, मान एका बाजूला कलती ठेवतो का, शर्टाची बटणं लावताना हात वळत नाहीत का, बाथरूमला वेळेत जाता येत नाही असं झालंय का, हे आईला विचार, यातलं काहीही असेल तर आठवडा नको, आजच. दुखलेलं नेमकं सांगता येत नाही बऱ्याच जणांना, 'दुखतं' एवढंच म्हणतात आणि आपण म्हणतो बाम लाव. आणि लहानपणी हृदयाचं काही निघालं असेल तर तेही डॉक्टरला सांग, डाउनमध्ये जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा काहीतरी दोष असतो, आणि घरच्यांना ते ऑपरेशन वीस वर्षांनी 'हां, झालं होतं काहीतरी' असं आठवतं.

आता पुढचं. पत्रात तू त्याला पिल्लू म्हटलंयस, मी वर एकदा एवढंच ठेवलंय, मूळ पत्रात पाच वेळा आहे, मोजले मी. रागावू नकोस, आत्ता दोन पॅरा आधी मी पण 'ही मुलं' म्हणून गेलेच की, पंचवीस वर्षं स्पेशल स्कूलमध्ये पीटी शिकवली, तोंडाची सवय जात नाही. पण तो चोवीस वर्षांचा आहे, दाढी करतो, कमावतो, रोज सहाच्या ठोक्याला स्वतःहून उठून जिमला जातो (माझ्या घरात हे कुणालाही जमत नाही). घरात पिल्लू, बेकरीत छोटू, जिममध्ये शेर. त्याचं नाव घेऊन त्याला विचारणारं कोण आहे?

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझ्याच हातून एकदा चूक झालीय ती सांगते. एका स्विमिंग टँकवर आमच्या बॅचला एकोणतीस वर्षांची एक मुलगी यायची, बाई म्हणायला हवं, तिलाही बौद्धिक अपंगत्व होतं, आणि पोहायची अशी की बाकीचे काठावर उभे राहून बघायचे. एक दिवस केस पुसता पुसता मला म्हणाली, मावशी दार वाजवत नाही. कपडे बदलायच्या खोलीतली मदतनीस बाई न विचारता आत घुसायची, टॉवेल ओढायची, लवकर लवकर म्हणून हात धरून ओढत बाहेर काढायची. मी काय केलं, तिला एक शब्द पुढे विचारला नाही, तडक तिच्या घरी फोन. घरच्यांनी दुसऱ्या दिवसापासून टँक बंद केला. मावशी होती तिथेच राहिली, पगार चालू. पोहणं कुणाचं गेलं? आणि तिला वाटलं की बोलले म्हणून शिक्षा झाली, नंतर एकदा भाजी मंडईत भेटली तर माझ्याशी बोलली नाही, आईच्या मागे जाऊन उभी राहिली. सोळा वर्षं झाली. दार वाजवत नाही एवढंच तिला बदलून हवं होतं गं, आणि तेवढंच कुणी बदललं नाही.

म्हणून आई म्हणते ते 'जिम बंद' मला नको वाटतंय. आई चुकीची आहे असं नाही, भीतीने बोलतेय ती. पण लहान मूल असतं तर आपण ठरवलं असतं, मोठ्या माणसाच्या बाबतीत असं परस्पर ठरवता येत नाही. इंग्लंडमध्ये यावर बराच विचार झालाय, तिथे २०१४ चा केअर अ‍ॅक्ट आहे आणि त्याच्या सरकारी गाइडन्समध्ये मोठ्या माणसांच्या सुरक्षेची सहा तत्त्वं दिलीत, त्यातलं पहिलंच हे की त्या माणसाला काय हवंय ते विचारा आणि त्याचा निर्णय त्याच्या हातात राहील असं बघा. संरक्षण वगैरे नंतर येतं. तिथले क्लब, जिमसुद्धा हे मानून चालतात, आणि छळ म्हणजे फक्त मारहाण किंवा लैंगिक एवढंच नाही, पैसे काढणं, चारचौघांत हसं करणं हेही त्यात धरतात. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काही वेगळं सांगत नाही, दिव्यांग माणूस कायद्यापुढे इतरांसारखाच धरायचा आणि अगदीच गरज असेल तिथे पालकाने त्याच्यासोबत बसून निर्णय घ्यायचा. त्याच्या वतीने आणि त्याच्यासोबत, यात फरक आहे.

तर विचारायचं कसं. शनिवारी घरी गेलीस की आई नसताना, घरात नको, त्याला आवडतं तिथे घेऊन जा, भेळेच्या गाडीवर ने. 'सर त्रास देतात का रे?' असं विचारू नकोस, तो नाही म्हणेल. 'सर वाईट आहेत ना?' असं विचारलंस तर हो म्हणेल. दोन्ही उत्तरं तुला खूश करायला असतील, समोरच्याला हवं ते बोलायचं ही सवय आपणच लावलेली असते त्यांना, शहाणा ना तू, ऐकतोस ना तू. त्यापेक्षा फोनवर एकेक रील लाव आणि गप्प बस. आवाज बंद करून एकदा, आवाज चालू करून एकदा. बघ त्याचा चेहरा कुठे बदलतो. मग हे आवडलं का अंगठा वर, नाही आवडलं तर खाली, मध्ये असेल तर आडवा, एवढं पुरतं. टपलीला थांब आणि विचार, इथे काय झालं. 'का केलं' नको विचारू, का म्हटलं की माणूस आरोपी होतो. आणि एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नकोस, भेळ संपली की विषय संपला, परत रविवारी.

कदाचित तो म्हणेल मला आवडतं, मी फेमस आहे. शक्य आहे. तो पहिल्यांदाच अशा जागी आलाय जिथे शाळेतले कुणी नाहीत, नातेवाईक नाहीत, तरी पन्नास माणसं त्याला ओळखतात. तुला त्या रीलमध्ये हसणारी पोरं दिसली, त्याला हाय-फाय देणारी दिसली असतील, आणि खरं सांगू का, त्या पन्नासात पाच-सहा जण मनापासून मित्र असतीलही. हे सगळं एका दणक्यात खोटं ठरवायला जाऊ नकोस.

पण त्याला आवडतं म्हणून सगळं चालतं असंही नाही हां. मी स्वतः अशी वाटणी करीन. नाचतानाची रील त्याला आवडते, त्याने हो म्हटलं, राहू दे बाई, आपण कोण, तुझेही कॉलेजमधले फोटो असतीलच. टपली आणि बार, या दोन गोष्टींवर वाटाघाटी नाहीत, तो हो म्हणाला तरी नाहीत, कारण एकात दुसऱ्याने हात उचललाय आणि दुसऱ्यात मान जाऊ शकते, आणि मानेचं त्याला कुणी समजावून सांगितलेलंच नाही तर त्याच्या हो ला अर्थ काय. समजावून सांग मात्र. डॉक्टरलाच सांगायला लाव, त्याच्याकडे बघून, तुझ्याकडे बघून नाही. मोठ्या माणसाशी बोलल्यासारखं डॉक्टर बोलला की बघ कसा ताठ बसतो ते.

पैसे. फोन काढून घेऊ नका. त्याच्या फोनमधून ट्रेनरला गेलेल्या प्रत्येक पेमेंटचे स्क्रीनशॉट घे, त्याला सांगून घे, तारीख आणि यूपीआय नंबर दिसला पाहिजे, आणि त्याच्याबरोबर बसून हिशोब मांड. डबा एक आला. त्या डब्याची किंमत ऑनलाइन बघा दोघं मिळून. उरलेले पैसे कुठेत, हे त्याच्याच तोंडून आलं तर बरं, बेकरीत रोज बॉक्स मोजणाऱ्या माणसाला ११ हजारांत एकच डबा का आला हे कळणार नाही असं तुला का वाटतं? डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा, नंबर आहे का तेही बघ, जिममध्ये ट्रेनर विकतात त्यावर कमिशन असतं हे उघड गुपित आहे आणि काही डब्यांत काय असतं देव जाणे, डॉक्टरकडे जाताना डबा पिशवीत टाकून ने. पुढच्यासाठी दोन खाती करा, पगार एका खात्यात जिथे यूपीआय जोडलेलंच नाही, आणि आठवड्याचे तो ठरवेल तेवढे, पाचशे म्हण, दुसऱ्या खात्यात, ते त्याने कशावरही उडवावेत. यूपीआय सर्कल म्हणून एक सोय आलीय, त्यात तो पैसे देणार आणि तू पुण्यातून ओके करणार, बऱ्याच जणी ती वापरतात, पण त्यात पैसे तुझ्या खात्यातून जातात, म्हणजे कमावणाऱ्या माणसाला पुन्हा बहिणीकडे पैसे मागायला लावायचं. मला नाही आवडत. तुला बरं वाटलं तर बघ.

मग जिमचा मालक. ट्रेनर नाही, मालक. आधी सगळ्या रील स्क्रीन रेकॉर्ड करून ठेव, लिंक आणि तारखेसकट, कारण तू पायरी चढलीस की त्या गायब होणार. भावाला विचार येतोस का, आला तर उत्तम, नाही आला तर त्याने काय काय बोलायचं ते तुला सांगावं आणि तू तेवढंच बोलायचं. गर्दीची वेळ टाळ, दुपारी तीनला जा, सोबत एक शांत माणूस ने, आतोबा चालतील, चुलतभाऊ नको. मागण्या साध्या ठेव, ज्या रील त्याला नको त्या काढा, जास्तीचे पैसे परत, हा ट्रेनर बदला, आणि डॉक्टर काय लिहून देतील त्याप्रमाणेच व्यायाम. आणि हो, रीलमध्ये एका कोपऱ्यात तो मशिन पुसताना दिसतोय असंही तू लिहिलं होतंस, ते स्वतःहून करतो की लावतात, पैसे देतात की फुकट, हेही विचार. घरी आलीस की लगेच मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करायचं, 'आज आपलं असं असं बोलणं झालं, तुम्ही शनिवारपर्यंत करतो म्हणालात', तोंडी बोललेलं हवेत जातं.

बहुतेक ठिकाणी काम इथेच होतं. मालकाला बदनामी नको असते, आणि खूपदा त्याला खरंच माहीत नसतं. नाही झालं तर पुढे जायचं. दिव्यांग कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे लोकांदेखत दिव्यांग माणसाचा मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, दंड वेगळा. कलम ७ प्रमाणे छळाची किंवा पिळवणुकीची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतं, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा प्रांत. बहीण असणंही गरजेचं नाही, शेजारीही देऊ शकतो, खऱ्या मनाने दिली असेल तर माहिती देणारा त्यात अडकत नाही. पोलिसांकडे तर जाताच येतं. वकिलाचा खर्च म्हणून गप्प बसू नकोस, दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, १५१०० हा त्यांचा नंबर. आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तू तिथेच आहेस, अर्ज हातोहात देता येईल. पण यातल्या प्रत्येक पायरीच्या आधी त्याला सांग, आता आपण असं करतोय, चालेल का. नको म्हणाला तर कारण ऐक. पैसे गेले तर गेले, तक्रार नको असं म्हणाला तर मी कदाचित ऐकेन. तो ट्रेनर अजून कुणाला असंच मारतोय, लुबाडतोय असं कळलं तर मात्र मी ऐकणार नाही, आणि ते त्याला तोंडावर सांगेन.

चुलतभावाला चहा पाज आणि घरी पाठव. चार पोरं गेली की दोन गोष्टी होणार, तुमच्यावरच केस आणि तुझ्या भावाच्या डोळ्यादेखत त्याच्या सरांना मार, आणि पुढची दहा वर्षं तो तुम्हाला काही सांगणार नाही. शिवाय जिमचं दार कायमचं बंद. त्याला मदतच करायची असेल ना, तर महिनाभर सकाळी भावाबरोबर जिमला जा म्हणावं, शेजारच्या ट्रेडमिलवर. घाम गाळायची तयारी असेल तर कळेल.

मध्येच एक, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्या बायका विचारतीलच, मला मेल येतात. आपल्यापैकी कुणाला जिममध्ये, ग्राउंडवर, टँकवर कुणी नको तसं हात लावला, मेसेज केले, तर २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल हे सगळं कामाच्या ठिकाणात धरलंय. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर तिथे अंतर्गत समिती पाहिजे, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, तक्रार तीन महिन्यांच्या आत. कागदावर आहे सगळं, २०२३ मध्ये देशाच्या नामांकित महिला कुस्तीगीरांना जंतरमंतरवर बसावं लागलं तेव्हा बाहेर आलं की फेडरेशनकडे अशी समितीच धड नव्हती, मग गल्लीतल्या जिमचं काय घेऊन बसलात, पण म्हणून मागायचं सोडू नका. हा कायदा फक्त बायकांसाठी आहे, तुझ्या भावाला तो नाही, त्याच्यासाठी वर सांगितलेलं.

ती जिम त्यालाच नको झाली तर दुसरं बघा, पण व्यायाम सोडू देऊ नका, डाउनमध्ये स्नायू ढिले असतात आणि वजन पटकन वाढतं, बसून राहिला तर त्रास त्यालाच. जिल्ह्यात स्पेशल ऑलिम्पिक्स भारतचं काम कुठे चालतं ते जवळच्या स्पेशल स्कूलमध्ये विचार, त्यांच्यात एक युनिफाइड नावाचा प्रकार असतो, बौद्धिक अपंगत्व असलेले आणि नसलेले एकाच टीममध्ये खेळतात, त्याला तो आवडेल असं वाटतंय, त्याला मित्र पाहिजेत ना. नवीन जागी पहिल्या दिवशी एक कागद द्या, डॉक्टरने काय नको म्हटलंय, कुणाला फोन करायचा, आणि त्याला विचारल्याशिवाय व्हिडिओ काढायचा नाही. सही त्याची घ्या, तुझी नाही. सही येत नसेल तर शिकव, दोन आठवडे लागतात, मी अनेकांना शिकवलीय, पहिल्यांदा नाव वहीच्या बाहेर जातं.

आईला सांग की मोहॉक राहू दे. केस त्याचे आहेत, न्हाव्याला पैसेही त्यानेच दिलेत, आणि फोटो पाठवलास त्यात चांगलाच दिसतोय तो.